बाबा सीझनवर गेलेत

“पोरगी कायले आणली वं माय? पोरगं असतं तं गोष्ट वेगळी.”

माझ्या मागच्या बाकावरची एक बाई दुसरीला म्हणाली. हळूच म्हणाली, पण पत्र्याच्या शेडमध्ये हळू बोललेलंही छताला लागून परत खाली येतं. शेजारी बसलेल्या आईनं ते ऐकलं. मान न वळवता तिनं पदर सारखा केला आणि मागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “आत नाही नेऊन राह्यलो तिले. आत्यापाशी बसन इथंच.”

ती पोरगी म्हणजे पिहू, माझ्या दादाची मुलगी. पहिलीत आहे. आत्या म्हणजे मी. आणि आत म्हणजे समोरच्या तुरुंगात, जिथे पावसाळ्यापासून दादा आहे. भांडणात एकाचं डोकं फुटलं, केस उभी आहे. त्याहून जास्त मी कोणाला सांगत नाही. वहिनी भेटीसाठी नावं द्यायला खिडकीपुढच्या रांगेत उभी होती. पिहूला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून ती आली होती, आणि तिला बाहेर धरून ठेवायला कोणीतरी हवं म्हणून मी.

पिहूला सांगितलं होतं, ही पप्पांची कंपनी आहे. मोठ्या गेटाची कंपनी. ती गेटाकडे बघत होती आणि मूठ सोडत नव्हती. मुठीत चॉकलेटच्या चंदेरी कागदात गुंडाळलेला तिचा दात होता, पहिलाच पडलेला. कौलावर टाक, नवा येईल, असं घरात सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिनं टाकला नाही. आधी पप्पांना दाखवायचा होता.

शेडला एक वास होता. फिनेल, विडी, कडुलिंबाचा ओला पाला, आणि या सगळ्यांच्या खाली लोखंडाचा. खूप हात लागून गुळगुळीत झालेल्या लोखंडाचा. मी इथे आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. तरी तो वास मी ओळखला. लहानपणी तो आमच्या घरी यायचा, दादाच्या शर्टातून.

आम्ही तेव्हा आर्णीला राहायचो. घरासमोरून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी होत्या, आणि दिवाळी संपली की त्या बाभळींना कापूस लागायचा. कापसानं शिगोशीग भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, एकामागून एक जात. फांद्या खाली झुकलेल्या, बंड्या दोन्हीकडून फुगलेल्या. जाता जाता काटे प्रत्येक बंडीतून आपला वाटा काढून घेत. सकाळी शाळेच्या बसची वाट बघताना मला वाटायचं, आमच्या रस्त्यावरचीच झाडं पांढऱ्या फुलांची आहेत.

बाबा ग्रेडर होते. कापूस खरेदी केंद्रावर बंडी येऊन लागली की तिच्यातला कापूस कोणत्या प्रतीचा, हे ठरवायचं काम त्यांचं. ते बंडीत कोपरापर्यंत हात घालायचे. “वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात,” ते म्हणायचे, “खरं काय ते पोटात असते.” आतून ओढून काढलेला मूठभर कापूस आधी गालाला लावायचे. ओल गालाला कळते, हाताला कळत नाही. मग दोन्ही हातांच्या चिमटीत एक पुंजका धरून हलकेच ओढायचे. तुटलेले तंतू एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे, पुन्हा ठेवायचे. शेवटी सारख्या लांबीची एक रेशमासारखी बट उरायची. ती काळ्या पँटच्या मांडीवर ठेवून बघायचे आणि एकच शब्द बोलायचे. त्या शब्दावर समोरच्या माणसाचं वर्ष ठरायचं.

मी हे केंद्रावर फारसं पाहिलेलं नाही. घरी पाहिलं आहे. शाळेतून येताना मी बाभळीवरचा कापूस वेचायची, बोटांना काटे लावून घेत, आणि कंपासपेटीत भरून आणायची. संध्याकाळी बाबा घरी असले तर त्यांच्यापुढे पेटी उघडायची.

“ग्रेडरसाहेब, बंडी लागली माझी.”

“कोणत्या गावची बंडी?”

“आर्णीची.”

“दाखव माय, पोटात काय आहे.”

मग ते सगळं अगदी केंद्रावरच्यासारखं करायचे. गालाला लावायचे. ओढायचे. मांडीवर ठेवायचे. मी श्वास धरून उभी. “सुपर. पहिल्या वेचणीचा आहे,” म्हणाले की मी घरभर नाचायची. पण बहुतेक वेळा ते तसं म्हणायचे नाहीत. “फरतड आहे माय. झाड थकल्यावरची शेवटची वेचणी.” किंवा, “ह्याच्यात कवडी निघाली पाह्य,” आणि किडीनं धरलेली, न उमललेली, कडक पाकळी माझ्या तळहातावर ठेवायचे. मी रुसून बसायची. आई आतून म्हणायची, “लेकरू आहे. म्हणा ना एकांदवेळ सुपर. काय जाते?” बाबा म्हणायचे, “जाते.” बस, एवढंच. माझ्या रडण्यानं फरतड कधी सुपर झाली नाही.

सीझन म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत. तेवढे महिने बाबा घरचे नसायचे. एखाद्या वर्षी ढाणकीचं केंद्र, एखाद्या वर्षी फुलसावंगीचं. पंधरवड्यातून एकदा यायचे तेव्हा भुवयांत कापूस असायचा, सदऱ्याला सरकीचा उबदार तेलकट वास. अंघोळीचं पाणी पऱ्हाट्यांवर तापायचं. वाळलेल्या कापसाच्या झाडांचा तो धूर डोळ्यांना झोंबतो, पण अजूनही कुठे दिसला की मी थांबते. होळीच्या पुढेमागे बाभळी हिरव्या व्हायच्या, बंड्या बंद व्हायच्या, आणि बाबा ट्रंक घेऊन परत यायचे. आमच्या घरात वर्ष असं होतं. कॅलेंडर शाळेपुरतं.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून पेपरवाले येत, कॅमेरेवाले येत. विहिरी, झाडं आणि बायकांची कोरी कपाळं बघून जात. आमच्याकडे कोणी आलं नाही. आमच्या घरात कोणी मेलं नव्हतं. केंद्रावर रांगेतल्या माणसांचा राग रोज वाढत होता, आणि त्या रागाला दिसणारा चेहरा ग्रेडरचा होता, एवढं मला आठवतं. कारण बाबा घरी आले की जेवताना बोलेनासे झाले होते. पुढचं मला कधी कोणी सरळ सांगितलं नाही. केंद्रावरच्या कापसाच्या गंजीला आग लागली. त्या आगीत एक माणूस गेला. बाबांना पोलिसांनी नेलं.

आईनं आम्हाला सांगितलं, “बाबा सीझनवर गेलेत.”

खोटं निवडताना तिनं घरातलं सगळ्यात वापरातलं वाक्य उचललं. दिवाळी नुकतीच झाली होती, बाभळीवर कापूस होता. मी विश्वास ठेवला. होळी आली. बंड्या बंद झाल्या. शेताशेतांत पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग लागले, पळस फुलून गळून गेला. मी रोज शाळेतून आले की आधी ट्रंकेची जागा बघायची. “या वर्षी सीझन लांबला,” आई म्हणाली. उन्हाळा गेला. शेतं नांगरून झाली, काळ्या मातीत नवी सरकी टोबली गेली, तिची दोन दोन पानं वर आली, आणि बाबा अजून सीझनवरच होते.

दुसऱ्या कुठल्या गावात हे खोटं खपलं असतं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कापूस कधी निघतो ते माहीत होतं. शाळा इंग्रजी होती, टाय होता, मराठी बोललं तर शिक्षा होती. चिडवायला मात्र सगळे वऱ्हाडीतच चिडवायचे. बसमध्ये मागच्या सीटवरून आवाज यायचा, “काय वं, कुठी आहेत तुये पप्पा?” मी म्हणायची, सीझनवर. “पान्यापावसाचा कोन्ता कापूस घेऊन राह्यले बे? वल्ला?” सगळी बस हसायची. ड्रायव्हरसुद्धा.

मी आईला विचारलं नाही. बाबा कुठे आहेत ते एक दिवस मला माहीत होतं, इतकंच. कधी कळलं, ते सांगता येत नाही. त्यानंतर बसमध्ये कोणी काही विचारलं की मी खिडकीबाहेर बघायला शिकले. प्रगतिपुस्तकात त्या वर्षी मिसनं लिहिलं, शांत आणि सालस मुलगी आहे. आईनं ते शेजारच्या काकूंना दाखवलं.

महिन्यातून एखाद्या दिवशी आई अंधार असतानाच उठायची. सांबारवड्या, कोथिंबीर भरलेल्या, तळायची. दादा सातवीत होता. त्याला आंघोळ, डोक्याला तेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट. “मामाकडे जाऊन येतो. तू काकूपाशी राह्यजो.” दोघं एसटीनं जायची, संध्याकाळी परत यायची. वड्यांचा डबा कधी अर्धा, कधी जसाच्या तसा परत यायचा. आई तो माझ्यापुढे ठेवायची. गार झालेली, तेल सुटलेली सांबारवडी मी खायची. अजूनही ती चव जिभेवर आली की मला आधी डबा आठवतो, मग वडी.

दादा शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि खेळायला पळायचा. मी दार लोटून त्या शर्टात तोंड घालायची. फिनेल, विडी, ओला पाला, लोखंड. छातीपाशी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये, लोखंड सगळ्यात जास्त. तिथे तो जाळीला टेकत असणार. मी बाबांचा वास शोधायची, सरकीचा. तो नसायचा.

एकदा ओट्यावर बसून गहू निवडताना काकू आईला म्हणाल्या, “तिलेबी ने ना एकदा. बाप आहे तिचा.”

मी आत दाराआड होते. गव्हाचे खडे ताटलीत पडल्याचे आवाज येत होते.

“पोरीची जात आहे काकू,” आई म्हणाली. “गेटापुढं कोणी पाह्यली, तं उद्या सोयरीक घेऊन कोण येईन? पोराचं काय, धुतलं का साफ.”

“अन् त्यानं विचारलं तं?”

“विचारतात ना. दरवेळी विचारतात. सांगतो मी, पोरगी भिते म्हणून. तिलेच यायचं नाही म्हणून.”

मी चौथीत होते. माझ्या लग्नासाठी माझे बाबा माझ्यापासून लपवून ठेवलेले होते. हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मी फक्त दाराची कडी धरून उभी राहिले. कडीलाही लोखंडाचा वास होता.

त्या हिवाळ्यात बाभळींना पुन्हा कापूस लागला. मी पेटी भरली आणि त्यातला सगळ्यात लांब, सगळ्यात पांढरा पुंजका निवडून दादाच्या खिशात ठेवला. “बाबांना म्हणायचं, बंडी लागली.” मला माहीत आहे हे कळल्यावर तो जरा घाबरला, आणि जरा मोकळाही झाला असावा. संध्याकाळी आल्या आल्या त्याने मला मागच्या अंगणात नेलं.

“सुपर म्हणाले. पहिल्या वेचणीचा आहे म्हणाले.”

“गालाला लावला?”

“लावला ना.”

“ओढून पाह्यला?”

“जाळीतून बोटं काढून पाह्यला. मांडीवर ठेवून.”

मी त्या रात्री जेवले, पाढे म्हटले, सगळं केलं, आणि सगळ्यात आत कुठेतरी एक दिवा लावल्यासारखा होता. पुढच्या वेळी पुन्हा पुंजका दिला. पुन्हा सुपर. त्याच्या पुढच्या वेळीही. बाबा इतक्यांदा सुपर म्हणणारे नव्हते. मला ते कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

होळीच्या आधी मी फरतड शोधली. रस्त्याच्या कडेला मातीत पडलेली, पिवळी, पत्तीचा चुरा भरलेली. तिच्यात एक कडक कवडी मुद्दाम दाबून बसवली. आंधळ्यालाही लागली असती अशी. कागदात गुंडाळून दादाच्या खिशात ठेवली.

दादा परत आला. सायकल घेऊन बाहेर निघाला होता, तेवढ्यात मी समोर जाऊन उभी राहिले.

“एकदम सुपर,” तो म्हणाला. “असा कापूस या वर्षी पाह्यलाच नाही म्हणाले.”

तो माझ्याकडे हसून बघत होता. मीही हसले.

माझा एकही पुंजका आत गेला नव्हता. कुठे जात होते, मी कधी विचारलं नाही. एसटीच्या खिडकीतून, नाहीतर इथल्याच एखाद्या कोपऱ्यात. गेटावर खिसे उलटे करून बघतात, हे आज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बारा वर्षांचा मुलगा तिथे काय करणार होता? त्याने माझ्यासाठी बाबा तयार केले, आईसारखे, कोणी दुखावू नये म्हणून सुपर म्हणणारे. दादा चांगला होता. इथे या शेडमध्ये बसूनही मी हे म्हणते. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली. दुसऱ्याच्या हाती दिलेलं त्या भिंतीच्या आत पोचत नाही. आणि आतून जे येतं, तेही बाहेरच कोणीतरी बनवलेलं असतं.

मी कापूस वेचायचा सोडला.

मी सातवीत असताना बाबा सुटले. केस टिकली नाही. उन्हं चढत होती, अंगणात सडा सुकत आला होता. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. उंबऱ्यात बारीक झालेला एक माणूस उभा होता. हातांची बोटं मात्र तीच होती; त्यांच्यावरून मी ओळखलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वेण्यांकडे, पायांकडे, पुन्हा तोंडाकडे. कुठून मोजायचं ते कळत नसल्यासारखं.

“तू एकदाबी नाही आली माय,” ते म्हणाले. “तुले यावंसं नाही वाटलं काय?”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला उत्तर येत होतं. आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, हातात रिकामा तांब्या. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं. तिनं तांब्या या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, “भित होती ना ते. लहान होती.” बाबांनी मान हलवली. मग ते आत आले, आणि ते उत्तर बाहेर राहिलं.

तोपर्यंत केंद्र बंद पडलं होतं. बंड्या कमी झाल्या होत्या. कापूस मेटॅडोरमधून ताडपत्रीखाली थेट जिनिंगला जायचा, ओल बघायला यंत्र आलं होतं. कोपरापर्यंत हात घालणारा माणूस कोणाला नको होता. रस्ता रुंद करताना बाभळी तोडल्या. बाबा ओट्यावर बसून राहायचे. कधी कधी सदऱ्याच्या टोकाचा एखादा धागा चिमटीत धरून ओढत बसायचे. माझी कंपासपेटी फडताळात होती, आत जुना कापूस. ती त्यांच्यापुढे उघडावी असं मला रोज वाटायचं. पण आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत होतो. पंखा लावू का? नको, राहू दे. मी कॉलेजात असताना ते गेले. पेटी मी नंतर उघडली, तेव्हा आत कसरीनं केलेला भुगा होता.

“आत्या, पप्पांची सुट्टी कधी होते?” पिहूनं विचारलं.

मी तिच्या फ्रॉकचा पट्टा सरळ केला. आईनं बॅगेतून बिस्किटाचा पुडा काढून तिच्यापुढे धरला.

सकाळी एसटीत वहिनी एकदाच म्हणाली होती, “आई, पिहूले नेऊ का आत? रोज रात्री विचारते ते.” आईनं खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं होतं, “एक लेकरू नेलं होतं म्या. पाहून राह्यली ना काय झालं त्याचं? भिंतीचं भेवच गेलं त्याचं.” आईचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. तिनं एका लेकराला नेलं आणि ते आज आत आहे. दुसऱ्याला नेलं नाही, आणि त्याचं काय झालं हे तिनं कधी गालाला लावून पाहिलं नाही. तिच्या मते ते दुसरं चांगलं निघालं. शिकलं, नोकरीला लागलं, उलटून बोलत नाही. सोयरीक मात्र अजून आलेली नाही.

खिडकीतल्या पोलिसानं दादाचं नाव पुकारलं. आई उठली, गुडघे धरून. वहिनीनं केस सारखे केले. मी पिहूचा हात धरून त्यांच्या मागे गेले, फक्त खिडकीपर्यंत.

“भेटीले कोण कोण?” पोलिसानं विचारलं.

“मी अन् सासूबाई,” वहिनी म्हणाली.

त्यानं वाकून पिहूकडे पाहिलं. “अन् हे पोट्टी? त्याचीच काय?”

“हो.”

“मंग येऊ द्या ना बाई. लेकराले मनाई नाही.”

त्यानं ते अगदी सहज म्हटलं, चहा घ्या म्हणावं तसं. मी भिंतीकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी न पाहताच या भिंतीचा राग केला होता, तिच्या काचेच्या तुकड्यांचा, गेटाच्या खिळ्यांचा. भिंत काही म्हणतच नव्हती.

“नाही साहेब,” आई म्हणाली. “भिते ना ते. तिलेच यायचं नाही.” मग ती पिहूकडे वळली आणि हात पुढे केला. “दे माय, तो दात. मी दाखवतो पप्पाले. अन् काय म्हणतात ते सांगतो तुले.”

पिहूनं मूठ मागे नेली. “पण खिडकी कशी दाखवशील?”

“कोणती खिडकी वं?”

पिहूनं तोंड उघडलं. खालच्या दातांच्या मधोमध गुलाबी, रिकामी जागा होती. तिनं तिथे जिभेचं टोक लावून दाखवलं. आईला हसू आलं, तिनं ते दाबलं. “तेबी सांगतो मी. लय मस्त खिडकी आहे म्हणतीन ते.”

म्हणतील. मला ऐकूही आलं. संध्याकाळी घरी, पायरीवर बसून, आई सांगेल, आणि पिहू विचारेल, खरंच? जवळून पाहिली? आणि आई म्हणेल, पाह्यली ना. आणि काही महिन्यांनी तिथे नवा दात आलेला असेल.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं डोळे खाली घातले नाहीत. पोलीस खिडकीवर बोटं वाजवत होता. मागच्या बाकावरच्या त्या दोघी बाया बघत होत्या. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघितलं होतं, उंबऱ्यात आईच्या तोंडाकडे. मी पिहूचा हात आईच्या हाताखालून काढून घेतला आणि वहिनीच्या हातात दिला. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पत्र्याला लागून तो परत माझ्यावर पडला.

“तिले यायचं आहे साहेब. येऊ द्या तिले.”

आई म्हणाली, “अवं, पण...”

मी तिच्याकडे वळले.

“मलेबी यायचं होतं, आई.”